रात्री पडल्या पडल्या बॅटरी उतरते? बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

माझं बार्शीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘बॅटरी बदलून द्या’ म्हणत आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी एकच विचारतो: रात्री झोपताना किती टक्के होती आणि सकाळी किती राहिली? दिवसा फोन आपण वापरतो, त्यामुळे तेव्हाच्या आकड्यावरून काही कळत नाही. फोन नुसता पडून असताना जे जातं, त्यावरून आत कोण जागं आहे ते समजतं.

पहिल्या रात्री काहीही बदलू नका. झोपताना टक्केवारी कागदावर लिहा, चार्जर काढून ठेवा, सकाळी पुन्हा लिहा. पाच टक्क्यांच्या आसपास उतरली तर फोन ठीक आहे. पंधरा-वीस टक्के गेली असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी आणि तिथून बॅटरी वापर उघडा. यादीत वर कोण आहे एवढंच बघून थांबू नका. अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवलं की स्क्रीनवर किती वेळ होतं आणि बॅकग्राउंडमध्ये किती वेळ होतं, ते बहुतेक फोनमध्ये वेगवेगळं दिसतं. यूट्यूब तीन तास स्क्रीनवर होतं, तर ते तुम्ही पाहिलंत, त्यात बिघाड नाही. पण एका टेम्पोवाल्याच्या फोनमध्ये कंपनीचं हजेरीचं अ‍ॅप स्क्रीनवर जेमतेम दोन मिनिटं आणि बॅकग्राउंडमध्ये नऊ तास दिसत होतं. त्याला लोकेशनची परवानगी ‘कायम’ दिलेली होती. ड्युटी संपली तरी गाडी कुठे आहे हे ते रात्रभर विचारत बसायचं. परवानगी ‘अ‍ॅप वापरताना फक्त’ अशी केली आणि ड्युटी संपल्यावर लॉगआउट करायला सांगितलं. बॅटरी बदलावीच लागली नाही.

खरं तर अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, अशा अ‍ॅप्सना आवरायची सोय फोनमध्येच आहे. स्क्रीन बंद असेल आणि फोन हलत नसेल तर ‘डोझ’ सुरू होतं: अ‍ॅपची कामं अडवून ठेवायची आणि मधून मधून थोडा वेळ सगळ्यांना एकदम सोडायचं. ज्या अ‍ॅपला आपण ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करून ठेवलेलं असतं, ते यातून बरंचसं सुटतं. इन्स्टॉल करताना ‘बॅटरीची बंधनं काढा’ असं विचारतात, आपण घाईत हो म्हणतो. आयकॉन दाबून धरा, अ‍ॅप माहितीत जा, बॅटरीमध्ये ‘ऑप्टिमाइझ्ड’ करा. क्वचित लागणारं शॉपिंगचं किंवा गेमचं अ‍ॅप असेल तर सरळ ‘रिस्ट्रिक्टेड’. सॅमसंगमध्ये ‘डीप स्लीपिंग अ‍ॅप्स’ची यादी मिळेल, रेडमीमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ बंद करा.

इथे एक कळकळीची विनंती. अलार्म, मेसेज आणि दंडावर शुगरचा सेन्सर असेल तर त्याचं अ‍ॅप, यांना हात लावू नका. शुगर उतरल्याची सूचनाच आली नाही तर वाचवलेली बॅटरी काय कामाची?

यादीत ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ वर दिसलं तर ते बंद करायला जाऊ नका. ही गूगलची फोनमधली सेवा आहे, दुसरं कुठलं तरी अ‍ॅप तिच्याकडून लोकेशन किंवा सिंक (माहिती जुळवून घेणं) करून घेत असतं. लोकेशनच्या सेटिंगमध्ये अलीकडे कोणी लोकेशन वापरलं ते दिसतं, तिथे शोधा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पहाटे दोनच्या सुमाराला होतो. त्यात व्हिडिओ धरलेले असतील आणि नेट रडत असेल तर तो बराच वेळ चालतो. व्हिडिओ वगळा, बॅकअप फक्त वायफायवर ठेवा.

यादीतून काही हाती लागलं नाही, तर दुसऱ्या रात्री वायफाय आणि मोबाईल डेटा बंद ठेवा, सिम चालू राहू द्या. उतरणं थांबलं तर दोष नेट वापरणाऱ्या अ‍ॅपचा. तेवढंच उतरलं तर तिसऱ्या रात्री एअरप्लेन मोड लावा. आता थांबलं तर दोष रेंजचा. वैरागकडच्या एका शेतकऱ्याचं असंच निघालं. बँकेच्या ओटीपीपुरतं ठेवलेलं दुसरं सिम, आणि वस्तीवर त्याला रेंजच नाही. फोन रात्रभर टॉवर शोधत राहायचा. ते सिम सेटिंगमधून बंद केलं, ओटीपी हवा तेव्हा गावात आल्यावर चालू करायचं ठरलं. फाइव्ह-जी येऊन-जाऊन असेल तिथे फोन फोर-जीवर ठेवल्यानेही फरक पडतो.

एअरप्लेन मोडमध्येही उतरत असेल तर एक रात्र सेफ मोडमध्ये काढा. बऱ्याच फोनमध्ये ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. उतरणं थांबलं तर अलीकडे टाकलेली अ‍ॅप्स एकेक करून काढत या.

दोन गोष्टी मात्र करू नका. अलीकडची अ‍ॅप्स सारखी वर सरकवून बंद करू नका, कारण ती पुन्हा उघडताना पहिल्यापासून लोड होतात आणि त्यात जास्त बॅटरी जाते. आणि ‘बॅटरी सेव्हर’ नावाची अ‍ॅप्स टाकू नका, ती स्वतःच बॅकग्राउंडला चालतात. सिस्टिम अपडेट नुकतंच झालं असेल तर एक-दोन दिवस थांबून मग तपासा, तेव्हा फोन आतली कामं उरकत असतो.

सेफ मोडमध्येही उतरली, किंवा तीस टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडला, तर बॅटरी म्हातारी झाली असं धरा आणि लिहिलेले आकडे घेऊन दुकानात जा. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर एक रात्रसुद्धा थांबू नका. चार्जिंग लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका, फोन बंद करून त्याच दिवशी दाखवा.