स्टील गिटार ऐकायची कशी, थोडक्यात सांगतो

रेडिओवर बातम्यांच्या आधी दोन मिनिटं उरली की सिनेमातल्या गाण्याची धून लागायची ना, त्यातल्या कितीतरी धुना हवाईयन गिटारवर, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार सरकवत वाजवायच्या या स्टील गिटारवरच वाजवलेल्या असायच्या, वादक सुनील गांगुली किंवा व्हॅन शिप्ले. लोक ते ऐकतात आणि "छान आहे, गाणं ओळखलं" म्हणून सोडून देतात. इथेच गडबड होते.

सुरुवात अशा गाण्यापासून करा ज्याचे शब्द तुम्हाला पाठ आहेत. हेडफोन लावा, इंदूरच्या राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये मोबाइलच्या स्पीकरवर काही कळणार नाही. मनात शब्द म्हणत ऐका आणि गायिका जिथे अक्षर ओढते तिथे हा गिटारवादक काय करतो ते बघा. डाव्या हातातला स्टीलचा बार तारेवरून उचलायचाच नाही असं नाही, पण कुठे घसरवत न्यायचा आणि कुठे उचलून परत ठेवायचा यातच सगळी कला आहे. आपण इंदूरचे लोक, गायक अमीर खाँसाहेबांची विलंबित, म्हणजे संथ लयीतली गायकी ऐकलेला कान असेल तर मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं, वेगळी शिकवावी लागत नाही. दुसरं म्हणजे बार हलवून काढलेलं कंपन. चांगला वादक आधी स्वर सरळ लावतो, मग हलवतो. पहिल्या क्षणापासून थरथर असेल तर मला तरी बेसूरपणा झाकल्यासारखा वाटतो, कारण या वाद्यात पडदे (तारांखालच्या आडव्या पट्ट्या) फक्त खुणेपुरते, बार बरोबर पडद्याच्या वर नसला की सूर गेलाच.

मग ऐका ब्रिजभूषण काबरा, याच गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवणारे. १९६७ च्या कॉल ऑफ द व्हॅली या अल्बममध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि चौरसियांची बासरी सगळे ऐकतात, तुम्ही या वेळी मुद्दाम फक्त गिटार धरा. संतूरला स्वर ओढता येत नाही, गिटारला येतो, फरक लगेच कळतो.

पेडल स्टील, म्हणजे पायाने पेडल दाबून तारांचा सूर बदलता येणारी स्टील गिटार, वेगळी गोष्ट आहे, १९५४ चं अमेरिकन गायक वेब पियर्सचं स्लोली हे गाणं ऐका, त्यात बड आयझॅक्सने पेडल दाबल्यावर एक तार वर चढते आणि दुसरी जागेवरच राहते, हे नुसत्या बारने जमत नाही.

हात लावून बघायचा असेल तर घरची साधी गिटार मांडीवर आडवी ठेवा आणि जाड तारेपासून डी ए डी एफ शार्प ए डी लावा, म्हणजे सा प सा ग प सा. चारच तारा बदलतात आणि सगळ्या उतरवायच्याच आहेत, म्हणून तुटायची भीती नाही. नटजवळ (खुंट्यांच्या बाजूला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) तारांखाली पेन्सिलचा तुकडा सरकवला की तारा उंच होतात. बार दाबू नका, नुसता टेकवा, आणि बारच्या मागे उरलेली बोटं तारांवर हलकी टेकलेली राहू द्या, नाहीतर मागची तार पण घूं घूं करत राहते. बाराव्या पडद्यावर वरचा सा मिळेल, तो मोकळ्या तारेशी जुळेपर्यंत पुढचं काही वाजवू नका.