कुत्र्याला खाज सुटलीय: थांबायचं की दवाखाना गाठायचा?

कुत्र्याच्या अंगावर डाग दिसला की पहिल्या दिवशी त्याला काहीही लावू नका. हळद नको, खोबरेल नको, मेडिकलमधलं मलम नको. आणि जळकं ऑइल तर मुळीच नको. गॅरेजमधून डबा भरून आणून खरूज झालेल्या कुत्र्याला ते चोपडणारी माणसं मी आपल्या सोलापुरात अजूनही बघतो. कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं, वरून एप्रिलचं ऊन. मुक्या जनावराचे हाल करायला एवढं पुरतं.

माझ्या घरात आणि दारात मिळून पंधराएक वर्षं कुत्री आहेत. त्या अनुभवातून सांगतो.

आधी पिसवा बघा. त्याला पांढरा टॉवेल लागतो, आणि सोलापुरात टॉवेलला काय तोटा! कुत्र्याला त्यावर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवा. काळे कण खाली पडतील. त्यांवर पाणी शिंपडून दोन मिनिटं थांबा. कणाभोवती तांबूस ओल पसरली तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कण काळाच राहिला तर ती नुसती माती. पिसवा निघाल्या, पण कातडी कुठे फुटलेली नसेल, तर लगेच धावपळ नको. डॉक्टरांना फोन करून कुत्र्याचं वजन सांगा आणि औषध विचारा. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे झाडून काढा.

मग गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका.

आता अवघड भाग: डाग दिसल्यावर किती दिवस थांबायचं? इथेच माझी एकदा मोठी चूक झाली. आमच्या काळूच्या मानेवर रुपयाएवढा गोल डाग उठला. केस गेलेले, कडेला थोडी लाली. एका मेडिकलवाल्यानं मलम दिलं, म्हणाला, सगळ्यांना लागू पडतं. दोन दिवसांत खाजवणं थांबलं, लाली उतरली. मी निर्धास्त झालो आणि मलम चालू ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात डाग नाकापर्यंत पोचले होते आणि माझ्या पुतणीच्या हातावर गजकर्णाचं गोल चक्र उमटलं होतं. डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं सूज आणि खाज दाबली, पण गजकर्णाची बुरशी पसरत राहिली. चार-पाच दिवसांत नेलं असतं तर एका डागावर भागलं असतं. पुढे दोन महिने औषध चाललं, आणि पोरीला झालेला त्रास वेगळाच. तो डाग रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, ही गोष्ट मला अजून सलते.

तेव्हापासून डाग किती भयंकर दिसतो, यावर मी ठरवत नाही. तो वाढतोय का, एवढंच बघतो. तुम्हीही असंच करा. डागाच्या कडेचे केस कात्रीनं कापा आणि कडेच्या रेषेवर बॉलपेननं हलके ठिपके द्या. शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. रोज सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा फोटो घ्या. तिसऱ्या दिवशी डाग ठिपक्यांच्या बाहेर गेला किंवा दुसरा उठला, तर दवाखाना. तसाच राहिला, कुत्रं खातंपितं, खेळतं, तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. आठवड्यानंतर मात्र थांबू नका.

दुसरी खूण रात्रीची. घर निजलं की त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा. मागचा पाय फरशीवर आपटल्याचा ठक-ठक आवाज येतो, तो ऐका. दिवसा कंटाळा आला म्हणूनही कुत्रं खाजवतं. पण झोपेतून उठून खाजवत असेल, किंवा जेवता जेवता ताटलीवरून तोंड काढून खाजवायला बसत असेल, तर त्वचेवर डाग नसला तरी दाखवा. कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत झाली असतील आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर खरजेची शंका घ्या.

काही गोष्टींत मात्र एक रात्रही थांबू नका. जखमेत अळ्या पडल्या तर ताबडतोब न्या, फिनेल ओतू नका. तोंड, पापण्या एकाएकी सुजल्या तरी तसंच. दाट केसांच्या कुत्र्याला पावसाळ्यात चिकट, ओला डाग पडतो. सकाळी रुपयाएवढा असलेला संध्याकाळी तळहाताएवढा होतो, तिथे माझं ठिपक्यांचं गणित चालत नाही. आणि गोचीड निघाल्यावर हिरड्या बघा: बोटानं दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. हिरड्या पांढुरक्या असतील, कुत्रं मलूल असेल, नाकातून रक्त आलं असेल, तर गोचीड तापाची शंका आहे. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. त्यामुळे नुसत्या हातानं अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावा. पिल्लाच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले असतील तर खाज नसली तरी दाखवा.

शहाबादी फरशीवर लोळणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या कोपरावरचा घट्टा, किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर सगळीकडून सारखे गळणारे केस, यासाठी दवाखाना नको.

जायचं ठरलं की अंघोळ घालू नका. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पाणी आलं त्या दिवशी कुत्र्याला चकाचक करून नेणारे बरेच आहेत. खपल्या, पू, वास, सगळं वाहून जातं आणि डॉक्टरांनी बघायचं काय? ब्लेडनं कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, असं तुम्ही स्वतः म्हणा. ते न करता कुणी थेट इंजेक्शन भरत असेल तर ते कसलं आहे, विचारा. खाज आधी सुटली की केस आधी गेले, हे आठवून ठेवा, तो प्रश्न हमखास येतो. मोबाइलमधले फोटो तारखेनुसार दाखवा. आणि तोवर काही लावलं असेलच, तर लाजू नका, ती ट्यूब, ती गोळ्यांची पट्टी पिशवीत घालून सोबत न्या.