स्वयंसूचना लागू पडत नाही? मग या चुका टाळा

स्वयंसूचना म्हणजे अंग सैल सोडून, संमोहनासारख्या शांत अवस्थेत स्वतःच स्वतःला एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगणं. ती शिकायला एमपीएससीची जाहिरात निघाली की माझ्याकडे पोरं येतात आणि जानेवारी लागला की वजन कमी करायची मंडळी. गाऱ्हाणं एकच: "सर, रोज करतो ना मी, पण फरकच पडून नाही राहिला." मी म्हणतो, रोज जे म्हणता ते माझ्यासमोर म्हणून दाखवा. बहुतेकांचा घोळ तिथेच सापडतो.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे "नाही"ची सूचना. नागपूरच्या इतवारीत होलसेल दुकानात हिशोब पाहणारा एक पोरगा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, सोडायचा म्हणून आला. कुठल्याशा व्हिडिओतून वाक्य उचललेलं: "मी खर्रा खाणार नाही, मला खर्रा आवडत नाही." रोज झोपताना याचा रतीब. त्याला डोळे मिटून तेच म्हणायला लावलं आणि विचारलं, आता काय दिसतंय? तो हसायलाच लागला. "पानठेलेवाला खर्रा घोटून राहिला, सर. चुन्याचा वास बी येऊन राहिला."

म्हणजे सोडायच्या नावाखाली हा गडी रोज रात्री खर्र्याचीच उजळणी करत होता! डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. खर्र्याचं वेगळं काय होणार?

आम्ही त्याचं वाक्य बदललं. "डबा संपला की मी बडीशेप तोंडात टाकतो आणि मागच्या दाराने चक्कर मारून येतो." मागचं दार मुद्दाम, कारण पानठेला पुढच्या दारासमोर. "अमुक झालं की मी तमुक करतो" अशा बांधणीच्या संकल्पांवर पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय, आणि नुसत्या "मी सुधारणार"पेक्षा ते जास्त पाळले जातात असं दिसलंय. दुपारचा खर्रा सुटला. सकाळचा मात्र चिवट निघाला, कारण सकाळी मित्रांचं कोंडाळं ठेल्यावरच जमायचं आणि तिथे मागचं दार नव्हतं. त्यासाठी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. तंबाखूची तलफ नुसत्या वाक्यांनी जाते असं सांगणाऱ्यापासून चार हात लांबच राहा.

दुसरी चूक, जोर लावणं. हे खास हुशार आणि घाईच्या माणसांचं दुखणं. कपाळाला आठ्या, दातावर दात, आणि मधूनच एक डोळा उघडून घड्याळ पाहणं, "लागलं का संमोहन?" अशाने काय लागणार, डोकं दुखायला लागेल. एमिल कुए हा फ्रान्समधला औषधविक्रेता. स्वयंसूचना घरोघरी पोचवली ती त्याने. त्याचं सांगणं होतं की इच्छाशक्ती आणि कल्पना यांची जुंपली की कल्पनाच जिंकते. "मला झोप आलीच पाहिजे" म्हणत कूस बदलणाऱ्या कुणालाही विचारा. कुएची पद्धतही बघा: वीस गाठींची दोरी घ्यायची, जपमाळेसारखी एकेक गाठ सरकवायची आणि वाक्य स्वतःला ऐकू येईल इतपत पुटपुटायचं. मोजायचं काम बोटांकडे, डोक्याला ताण नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, बस्स.

माझी सवय अशी की आधी जबडा सैल सोडायला लावतो, मग उजवा हात. "माझा उजवा हात जड होतोय" हे वाक्य जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झच्या पद्धतीतलं. त्याचं पुस्तक १९३२ चं. हात जड वाटला तर ठीक, नाही वाटला तरी ठीक. ज्याला हे "नाही तरी ठीक" जमत नाही, त्याला मी पुढची पायरी देत नाही. लोक चिडतात. चिडू द्या.

तिसरी चूक, स्वतःला न पटणारी थाप. सराव परीक्षेत सपाटून मार खाल्लेला पोरगा आरशासमोर "मी टॉपर आहे" म्हणतो, आणि आतून आवाज येतो, "काहून फेकून राहिला बे?" २००९ मध्ये जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी कॅनडात प्रयोग केला. ज्यांचा स्वतःविषयीचा आदर आधीच कमी होता, त्यांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं घोकून उलट जास्त वाईट वाटलं. त्यापेक्षा "पेपर हातात आला की मी आधी दोन सावकाश श्वास घेतो" म्हणा. आतल्या आवाजाला यावर बोलायला जागाच नाही.

आता बारीकसारीक. मे महिन्यात दुपारी कूलरसमोर आडवं पडून सराव करू नका, ते संमोहन नाही, वामकुक्षी आहे, खुर्चीत बसा. एका वेळी एकच सूचना. वजन, इंग्रजी, राग आणि लग्न असं चारही एकदम मागणाऱ्याला मी परत पाठवतो. दर दोन दिवसांनी वाक्य बदलू नका. संमोहनाचं रेकॉर्डिंग कानात घालून वर्धा रोडवर ॲक्टिव्हा चालवणारे महाभागही पाहिलेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

सराव संपला की ताडकन उठू नका. मुठी घट्ट आवळा, हात कोपरात दोन-तीनदा वाकवा, खोल श्वास घ्या, मग डोळे उघडा. रात्री झोपायच्या आधी करत असाल तर हे गाळा, तसेच झोपा.

फिट्स येत असतील, कुणाला न ऐकू येणारे आवाज ऐकू येत असतील किंवा जुन्या आघाताच्या आठवणी उसळत असतील, तर हे घरी एकट्याने करूच नका. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. आणि बीपीची, शुगरची, डिप्रेशनची गोळी "आता मी सूचना देतोय" म्हणून आपल्या मनाने बंद करणाऱ्यांनी माझ्याकडे येऊच नये.