चिपाड झालेला माणूस मातीत कसा बसवावा

कामाच्या ताणावर शिल्प करायचंय म्हणत जे माझ्याकडे येतात, त्यांच्या वहीत बहुधा एकच चित्र असतं. खुर्चीवर बसलेला माणूस, दोन्ही तळहातांत डोकं. ते आधी खोडा. मीही तसा पुतळा केला होता, मन लावून केला होता. गावाहून आलेली मावशी त्याच्यासमोर जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "कोण गेलं रे याचं?" दुसरा केला मान खाली टाकलेला, शेजाऱ्यांना तो प्यायलेला वाटला. तिसऱ्याकडे बघून बायको म्हणाली, "हा तर निवांत बसलाय की."

तिघांचंही बरोबर होतं. दुःख, नशा, आराम, सगळ्यांत अंग सैल पडतं. कामानं पिळून निघालेल्या माणसाचं सगळं सैल पडतं, पण एक जागा घट्ट राहते. साताऱ्याच्या एमआयडीसीत मी बारा वर्षं लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काढली. महिन्यातून आठ-दहा वेळा डबल मारायचो, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या. घरी येऊन झोपलो तरी उजवी मूठ वळलेलीच असायची, बायको बोटं सोडवायची. एवढी साधी गोष्ट मातीत आणायला मला पुढं चार वर्षं लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, अकराव्या आवृत्तीत, बर्नआउटची नोंद आहे. २०१९ मध्ये तिची बरीच चर्चा झाली. आजार म्हणून नव्हे, नोकरीतून येणारी अवस्था म्हणून ती नोंद आहे, आणि तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मी ही यादी कंबर, मान, हात अशी वाचतो. नवशिके फक्त पहिली खूण करतात आणि थांबतात.

आपल्याकडे ऊसवाल्यांचा शब्द जास्त नेमका आहे: चिपाड. चरकातून निघालेलं चिपाड बघा. आकार उसाचाच असतो, पेरंही दिसतात, आत रस नसतो. म्हणून हा पुतळा भरीव करायचा नाही, पोकळच करायचा. भट्टीसाठीही तेच सोयीचं.

माती कुंभाराकडून मळलेली आणा, चार-पाच किलो पुरे. शाडू नको, तो भाजायचा नसतो. बेंदराच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र कुंभाराच्या दारात जाऊ नका, त्याची मातीच्या बैलांची घाई चालू असते. (बैलाला निदान वर्षातून एकदा खांदेमळण मिळते. डबल मारणाऱ्याला कोण लोणी लावतंय?)

बघायचं काम एका सकाळी होतं. सातच्या सुमाराला एसटी स्टँडवर जाऊन रात्रपाळीवरून आलेल्यांच्या मागं बसा. मागंच. चेहरे बघायला गेलात तर डोळ्यांखालच्या पिशव्या घेऊन परत याल, आणि मातीत त्या कार्टूनसारख्या दिसतात. पाठ बघा, आणि पावलं. थकलेल्याचं पाऊल जमिनीवर कसं टेकतं, ते नीट बघा. रहिमतपूरच्या पुढं औंधला श्रीभवानी संग्रहालयात इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूर यांची दगडातली आई आणि मूल आहे. एक चक्कर टाका, आणि नाकडोळ्यांच्या बारकाव्यांवर विसंबून न राहता नुसत्या अंगाच्या गोळ्यांतून किती बोलता येतं ते बघून या.

आता बांधणी. पाटावर वर्तमानपत्र पसरा, म्हणजे वाळताना माती आकसेल तेव्हा तळाला सरकता येईल. बैठक आणि मांड्या आधी, मग कमरेपासून खांद्यांपर्यंत मातीच्या दोरीसारख्या वळ्यांवर वळ्या रचत पोकळ धड, भिंत बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकी, साधारण एक सेंटिमीटर. तळाला भोक ठेवा. बसलेल्या पुतळ्याची उंची २५ सेंटिमीटरच्या आसपास असावी. त्याहून मोठा पहिल्याच वेळी करू नका.

आणि त्याला ताठ बसवा. शाळेतल्या पोरासारखा, पाठ सरळ.

इथंच सगळे चुकतात. वाकलेला माणूस हवा म्हणून पहिल्यापासून वाकडाच रचत जातात. तसा पुतळा वाकलेला दिसतो, खचलेला दिसत नाही. खचायला आधी ताठ असावं लागतं. पोटावरच्या वळ्या, बरगड्यांखालचा खळगा, पाठीवर ताणलेली कातडी हे कोरून येत नाही. ताठ धड मऊ असताना खाली बसवलं की ते आपोआप येतं. तुम्ही फक्त ते कधी बसवायचं एवढं ओळखायचं, आणि तेवढंच अवघड आहे.

असे ताठ रचलेले माझे पहिले तीन पुतळे रात्रीत स्वतःच्या मांडीत तोंड खुपसून पडले. माती ओली होती. चौथ्याला मी दोन दिवस थांबलो आणि दाबल्याबरोबर मानेमागं आडवी चीर गेली, आरपार. मग मला कोणीतरी सांगितलं, "अंगठ्यानं दाबून बघ, चामड्यासारखी लागली की समज." हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडचिड होते. कुठल्या चामड्यासारखी? चपलेच्या की ढोलकीच्या? आणि अंगठ्याला बाहेरचा थर कळतो, आतला नाही.

त्यापेक्षा असं करा. धड रचताना त्याच मातीची, त्याच जाडीची एक वळी जास्तीची करा आणि पुतळ्याशेजारी त्याच फडक्याखाली ठेवा. अधूनमधून तिचा तुकडा तोडून बोटाभोवती वाकवा. बोटाला चिकटला, तर थांबा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा पडल्या, तर उशीर झाला. न चिकटता, न भेगाळता वाकला की पुढच्या अर्ध्या तासात काम उरका. एप्रिलमध्ये साताऱ्यात ही वेळ तीन-चार तासांत येते, आषाढात सकाळी रचलेलं धड दुसऱ्या दिवशी दुपारीही मऊच असतं. घड्याळावर जाऊ नका, वळीवर जा.

तोवर बैठक उघडी ठेवा, धडावर ओलं फडकं गुंडाळा. खालचं घट्ट, वरचं मऊ असं हवं. उलटं झालं तर माणूस खचत नाही, घसरतो.

मग दाबणं. डोक्यावरून किंवा खांद्यावरून दाबू नका! मी हे ओरडून सांगतो, तरी पहिल्या दिवशी प्रत्येकाचा हात खांद्यावरच जातो. थकवा वरून येत नाही. आधी कंबर जाते. एक तळवा पुतळ्याच्या पाठीमागं, खांद्यांच्या मधोमध, नुसता आधाराला. दुसऱ्या हाताची दोन बोटं बेंबीखाली. पोट मागं ढकला, दोन सेंटिमीटर, बस्स. कंबर मागं कलते, छाती आपसूक खाली बसते, पोटावर पहिली वळी पडते. हात काढा आणि दहा मिनिटं तिथून निघून जा. चहा प्या. माती आपल्या वजनानं उरलेलं करते. समोर थांबलात तर हात शिवशिवतात आणि तुम्ही ते बिघडवता. मी बिघडवलंय.

परत आल्यावर छातीखाली चिंधीची गुंडाळी सरकवा, म्हणजे खचणं तिथंच थांबेल. आता मान. डोकं वेगळं केलेलं असतं, आतून चमच्यानं कोरलेलं. जोडाच्या दोन्ही बाजू ओरखडून, ताकासारखी पातळ केलेली माती लावून ते बसवा आणि त्याच्या वजनानं मानेला पुढं येऊ द्या. खाली नव्हे, पुढं. कासवासारखी. खाली गेली की माणूस रडतोय असं दिसतं. आणि किंचित वळवा, त्याच्या हातांपासून दूर. कामावरून उडालेलं मन दाखवायला तेवढं वळण पुरतं, चेहऱ्यावर काही करायची गरज नाही. डोळे तर मी हल्ली कोरतच नाही. मानेमागं ओल्या कापसाची पट्टी रात्रभर ठेवा, चीर तिथूनच सुरू होते.

राहिला हात, ती घट्ट जागा. दुसरा हात कसाही लोंबू द्या, पण एक हात अजून कामावर असला पाहिजे. ज्यानं फ्रेंच शिल्पकार रोदांची खाली बसलेली कॅरिएटिड, म्हणजे खांबाच्या जागी भार पेलणारी बाई, बघितली असेल, निदान फोटोत, त्याला कळेल: बाई पार कोसळलीय, पण खांद्यावरचा दगड तिनं टाकलेला नाही. आपण दगडही ठेवायचा नाही. पेन्सिलीला थोडं तेल लावा, तिच्याभोवती मातीची बोटं वळवा, माती घट्ट झाली की पेन्सिल हळूच फिरवून ओढून घ्या. मुठीत हँडलच्या आकाराची पोकळी राहते. माझा लेथवाला असतो म्हणून मूठ. एक बाई शिकायला यायच्या, सकाळी घरच्या चौदा भाकरी आणि मग दिवसभर बँकेचं काउंटर. त्यांनी मांडीवर उताणा, बोटं पसरलेला तळवा केला, भाकरी थापून झाल्यावर जसा राहतो तसा. तो माझ्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा सरस झाला, हे कबूल करायला मला काही कमीपणा नाही. तुम्हाला जे काम येतं त्याचाच हात करा. न केलेल्या कामाची पकड खोटी पडते आणि लगेच ओळखू येते. हत्यार, मोबाइल, लॅपटॉप काहीही हातात देऊ नका. हात थोडे मोठे झाले तरी चालतील.

वाळवणं सावलीत, दहा-बारा दिवस. पहिले तीन दिवस झाकून.

कुंभाराला भट्टीत जागा असेल तेव्हा द्या. कुठंही दोन बोटांहून जाड गोळा राहिलेला नको, आत ओल राहते, तिची वाफ होते आणि पुतळा फुटतो. शेजारची मडकीही घेऊन जातो, मग पुढच्या वेळी कुंभार दार उघडत नाही.

रंग, वॉर्निश नको. बर्नआउट म्हणजे जळणं, असा इंग्रजीतला अर्थ धरून भुशात पुरून, धुरावून काळाभोर पुतळा करणारे मी पाहिलेत. तो आगीतून काढलेला माणूस वाटतो, कामावरून आलेला नाही. मातीचा तांबडा रंग पुरे.

ठेवताना कमरेच्या उंचीवर ठेवा आणि पाठ दाराकडे करा, आत येणाऱ्याला आधी ती दिसू दे. भाजताना मानेमागची चीर केसभर वाढली असेल तर एम-सील भरून वर रंग फासू नका, राहू द्या तशीच. लोंबता हात तुटला तर चिकटवा. मूठ तुटली तर मात्र नवीन माती मळायला घ्या.