घबराटीसाठी बीटा ब्लॉकर घेताय? या चुका टाळा

मुलाखत, स्टेजवरचं भाषण, गच्च भरलेली लोकल. काहींना अशा वेळी छातीत इतकं धडधडतं की शब्द फुटत नाही. त्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा प्रोप्रानोलॉल लिहून देतात. हा एक बीटा ब्लॉकर, म्हणजे धडधड वाढवणाऱ्या ॲड्रेनलिन या संप्रेरकाचा परिणाम अडवणारं औषध. गोळी लागू पडते, धडधड कमी होते. मग दोन-चार दिवसांनी हातपाय गार पडू लागतात, जिना चढताना दम लागतो, रात्री भलतीसलती स्वप्नं पडतात, आणि माणूस घाबरून गोळी मनानेच सोडून देतो. ठाण्यात नौपाड्याला मी मेडिकल चालवतो आणि हे सतत बघतो. यातले बहुतेक त्रास आवरता येण्यासारखे असतात. खरं संकट ओढवतं ते गोळी अचानक बंद केल्याने, किंवा आपण नेमकं काय घेतोय हेच माहीत नसल्याने.

स्ट्रिपची मागची बाजू न वाचणं

कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा काउंटरवर येतो. त्यावर नावातली शेवटची तीन अक्षरं आणि अर्धीमुर्धी एक्स्पायरी. "हीच द्या, घबराटीची." पण प्रोप्रानोलॉल आपल्याकडे एकटंही मिळतं आणि जोडीनेही. कधी सोबत क्लोनाझेपाम असतं, कधी एटिझोलाम (दोन्ही मन शांत करणारी, झोप आणणारी), मायग्रेनच्या गोळीत फ्लुनारिझिन. दिवसभर झापड येते, ऑफिसात डोळे मिटतात अशी तक्रार असेल तर आधी हा घटक तपासा, कारण झोप बहुधा त्या दुसऱ्या औषधाची असते. क्लोनाझेपाम आणि एटिझोलामची सवयही लागते, त्यामुळे ती सोडण्याची पद्धत वेगळी असते. नावापुढे एलए, एसआर किंवा टीआर असेल तर औषध दिवसभर हळूहळू सुटतं. अशी कॅप्सूल उघडायची नाही, गोळी चावायची किंवा कुटायची नाही. स्ट्रिप कापून घेतलीत तर नाव आणि एक्स्पायरी असलेल्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

घरात वडिलांची बीपीची अटेनोलॉल आहे, तीही बीटा ब्लॉकरच, म्हणून तीच अर्धी घेणं हा या चुकीचाच भाऊबंद. वडिलांचा डोस त्यांच्या हृदयाकडे आणि मूत्रपिंडाकडे बघून ठरवलेला असतो.

दमा आणि मधुमेह न सांगणं

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा. लहानपणी दमा होता, आता नाही, हेसुद्धा सांगा. प्रोप्रानोलॉल हृदयाबरोबर श्वासनलिकांवरही काम करतं. दमेकऱ्याच्या नळ्या त्याने आवळू शकतात, आणि वर नळ्या मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंपही नेहमीसारखा लागू पडत नाही. दमा असलेल्याने ही गोळी घ्यायचीच नसते. गोळी सुरू केल्यावर छातीत सूं-सूं आवाज आला तर पुढचा डोस घेऊ नका, लगेच डॉक्टर गाठा. श्वास घेणं जड जात असेल तर १०८ ला फोन.

मधुमेहात धोका लपून येतो. साखर उतरली की एरवी हात कापतात, धडधडतं आणि माणूस सावध होतो. बीटा ब्लॉकरमुळे हीच लक्षणं दबतात. घाम मात्र सुटतोच, तेवढी एक खूण उरते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना एकादशीचा कडक उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कारण नसताना दरदरून घाम आला तर ग्लुकोमीटरवर साखर बघा.

अचानक बंद करणं

यावर मी थोडं जास्त लिहितोय, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "दादा, हात बर्फासारखे गार पडतात, बंदच करते आता," असं सांगणाऱ्या ताईला मी पहिला प्रश्न विचारतो: रोज घेता की अधूनमधून?

फक्त प्रसंगापुरती एखादी गोळी घेणाऱ्याने ती थांबवली तर सहसा काही बिघडत नाही. रोज घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. ॲड्रेनलिन पेशींवरच्या ज्या जागांवर, म्हणजे बीटा रिसेप्टरवर, काम करतं ते या औषधाने अडवलेले असतात, आणि काही आठवड्यांत शरीर त्यांची संख्या वाढवून भरपाई करतं. गोळी एकदम थांबली की हे सगळे वाढीव रिसेप्टर मोकळे होतात. नाडी उधळते, बीपी चढतं, घाम, थरकाप. ज्याला हृदयविकार आहे त्याच्या छातीत दुखू शकतं, झटकासुद्धा येऊ शकतो. आणि घबराटीच्या रुग्णाला वाटतं, आजार दुपटीने उलटला! म्हणून डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने, काही आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने उतरवतात. शनिवारी रात्री गोळ्या संपल्या आणि दवाखाना सोमवारी उघडणार, असं होऊ देऊ नका. गावी जाताना किंवा गणपतीच्या सुट्टीत हे हमखास घडतं. शेवटची आठ-दहा दिवसांची उरली की चिठ्ठीचं बघा.

एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

नाडी न मोजता घाबरणं

गोळी सुरू करण्याआधीची नाडी लिहून ठेवा. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, पूर्ण एक मिनिट मोजा. घरातलं ऑक्सिमीटरही चालेल, पण बोटं गार असतील तर त्याचा आकडा गंडतो. बसल्यावर नाडी थोडी कमी येणं हे औषधाचं कामच आहे. ५० च्या खाली जाऊ लागली, किंवा सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, खूप थकवा असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली तर वाट बघत बसू नका.

उठल्यावर गरगरत असेल तर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहा. ठाणे स्टेशनच्या गर्दीत जिना धावत चढणं काही दिवस टाळा. हात गार पडत असतील तर एसी लोकलमध्ये फुल बाह्या, घरी कोमट पाणी. सिगारेट असेल तर ती रक्तवाहिन्या आणखी आवळते. स्वप्नांचा त्रास प्रोप्रानोलॉलने जास्त होतो, कारण ते मेंदूत सहज शिरतं. डोसची वेळ अलीकडे आणता येते किंवा औषध बदलता येतं. ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त विचारा. लैंगिक तक्रार असेल तर तीही सांगा, लाजू नका. ती या औषधाची जुनी, माहीत असलेली अडचण आहे.

मासुंद्याला, उपवनला किंवा पाम बीच रोडला चालायला जात असाल तर स्मार्टवॉचमधला 'टार्गेट हार्ट रेट' विसरा. गोळीवर असताना तो गाठला जात नाही, आणि गाठायचा हट्ट केला तर जीव दमतो. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग पुरे.

ऐन परीक्षेच्या दिवशी पहिली गोळी

ऐरोलीत मुलाखत अकरा वाजता आणि पहिली गोळी साडेदहाला, असं नको. डॉक्टरांना विचारून पहिला डोस सुट्टीच्या दिवशी घरी घ्या; कोणाला गळल्यासारखं होतं, कोणाला काहीच होत नाही. काम सुरू व्हायला साधारण तासभर लागतो. जेवणासोबत की रिकाम्या पोटी, जे ठरेल ते रोज तसंच ठेवा, कारण जेवणाने रक्तातलं प्रमाण बदलतं. त्या दिवशी दारू नको.

बाकीच्या डॉक्टरांपासून लपवणं

घबराटीची गोळी सांगायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण दातांच्या डॉक्टरांना सांगा, कारण बधिर करायच्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन असतं आणि प्रोप्रानोलॉलसोबत त्याने बीपी एकदम चढू शकतं. भूल देणाऱ्यांना सांगा. हृदयासाठी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर आवर्जून सांगा. दोन्ही मिळून नाडी धोकादायक पातळीला उतरते. घबराटीवरच दिलेलं फ्लुओक्सेटीन किंवा फ्लुवोक्सामीन रक्तातलं प्रोप्रानोलॉल वाढवतं. सर्दीची गोळीही विचारूनच घ्या.

ही गोळी शरीराची धडधड थांबवते, मनातल्या विचारांना हात लावत नाही. रोजची चिंता असेल तर समुपदेशन लागतंच. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. घरात कोणी खचलेलं असेल, मरणाचं बोलत असेल, तर प्रोप्रानोलॉलचा साठा त्याच्या हाताशी ठेवू नका. जास्त प्रमाणात ते फार लवकर जीवघेणं ठरतं. अशा वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या द्या म्हणून आम्हाला सांगा, आम्ही तेवढ्याच देऊ.