अंतर्गत समितीच्या चौकशीत साक्षीदाराची गोपनीयता कशी जपावी

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रारदार महिला धीर करून पुढे येते, पण तिने ज्यांची नावे साक्षीदार म्हणून दिलेली असतात ते सहकारी ऐनवेळी "आम्ही काही पाहिले नाही" असे सांगून अंग काढून घेतात, हा अनुभव अशा समित्यांना वारंवार येतो. बहुतेक वेळा ही माणसे खोटी नसतात, घाबरलेली असतात. त्यांची भीती कमी करणे समितीच्या हातात असते, आणि ते कसे करावे हे पीठासीन अधिकारी (समितीच्या प्रमुख) व सदस्यांसाठी येथे मांडले आहे.

आधी कायदा नेमका काय म्हणतो ते पाहावे. कलम 16 प्रमाणे तक्रारीतील मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) व साक्षीदार यांची ओळख आणि पत्ते, चौकशीचे कामकाज, समितीच्या शिफारशी आणि त्यावर झालेली कारवाई यांपैकी काहीही जनतेला, वृत्तपत्रांना किंवा अन्य माध्यमांना कळवता येत नाही. चौकशी हाताळण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशा व्यक्तीने ही गोपनीयता मोडल्यास कलम 17 खाली तिच्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते, आणि सेवानियम नसतील तर 5,000 रुपये दंड वसूल करण्याची तरतूद याच कायद्याखालील नियमांपैकी नियम 12 मध्ये आहे. हे बंधन बाहेरच्या जगापासूनचे आहे. प्रतिवादीला साक्षीदाराचे नाव कधीच कळणार नाही, असे कलम 16 कुठेही म्हणत नाही.

म्हणूनच साक्षीदाराशी पहिले बोलणे होते तेव्हा पाळता येणार नाही असा शब्द देऊ नये. "तुमचे नाव कुणालाही कळणार नाही" असे सांगून जबाब घेतला आणि पुढे त्याची प्रत प्रतिवादीला द्यावी लागली, तर त्या कार्यालयात पुढची कित्येक वर्षे कुणी साक्षीला उभे राहणार नाही. त्याऐवजी असे सांगावे: "तुम्ही येथे आलात हे आम्ही कार्यालयात कुणालाही सांगणार नाही; तुमच्या जबाबातील जो भाग निर्णयासाठी वापरला जाईल तो मात्र प्रतिवादीला दाखवावा लागेल; तो दाखवण्याआधी तुम्हाला कळवू." एवढे स्पष्ट ऐकल्यावर काहीजण माघार घेतील. तरीही हेच सांगणे योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिवादीला स्वतःची बाजू मांडण्याची खरी संधी मिळाली नाही, तर सारी चौकशी न्यायालयात कोसळू शकते. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्ध 2009 मध्ये आलेल्या तक्रारींच्या प्रकरणात, समितीने अनावश्यक घाई केली आणि बचावाची पुरेशी संधी दिली नाही या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा मागच्या टप्प्यावर जाणे तक्रारदारांच्या दृष्टीने किती क्लेशदायक असेल, याचा विचार प्रत्येक समितीने करावा. दुसऱ्या बाजूला, रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, मुलींच्या वसतिगृहात रात्री शिरलेल्या विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीत मुलींचे जबाब घेण्यात आले होते, आणि तसे केल्यामुळे नैसर्गिक न्यायाचा (दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची योग्य संधी देण्याच्या तत्त्वाचा) भंग होत नाही, असे याच न्यायालयाने 1973 मध्ये ठरवले. साक्षीदार आणि प्रतिवादी यांना समोरासमोर बसवलेच पाहिजे असे नाही, एवढा आधार त्यातून घेता येतो. व्यवहारात सुरक्षित मार्ग असा, की जबाब स्वतंत्रपणे नोंदवावा, नाव व ओळखीच्या खुणा झाकून त्याची प्रत प्रतिवादीला द्यावी, त्याचे प्रश्न लेखी घ्यावेत, ते समितीने साक्षीदाराला विचारावेत आणि उत्तरे पुन्हा लेखी कळवावीत. एखादा प्रश्न गैरलागू म्हणून वगळला तर त्याचे कारण कामकाजाच्या नोंदीत लिहून ठेवावे. नावच उघड केल्याशिवाय बचाव करता येणार नाही असे प्रतिवादीने पटवून दिले, तर समितीने त्यावर लेखी निर्णय घ्यावा आणि साक्षीदाराला आधी सांगावे.

तक्रार दाखल होतानाच एक काळजी घ्यावी. नियम 7 नुसार तक्रारीच्या सहा प्रतींबरोबर साक्षीदारांची नावे व पत्ते द्यायचे असतात, आणि त्यातील एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीला पाठवायची असते. साक्षीदारांची यादी तक्रारीच्या मजकुरातच गुंफलेली असेल तर ती आपोआप त्याच्या हाती पडते. यादी वेगळ्या कागदावर देण्यास तक्रारदाराला सुचवावे. घरचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक तर प्रतिवादीला देण्याचे काहीच कारण नसते.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. नाव बहुधा फुटते ते अहवालातून नव्हे, तर कार्यालयाच्या रोजच्या कामकाजातून. "अंतर्गत समिती" असा शिक्का मारलेले पाकीट शिपायाच्या हाती साक्षीदाराच्या टेबलावर येते, आवक-जावक नोंदवहीत त्याचे नाव चढते, हजेरीपटावर "समितीपुढे हजर" असा शेरा पडतो, बैठकीचे निमंत्रण ईमेलने सगळ्यांना एकत्र जाते आणि एकाला दुसऱ्याचे नाव दिसते, शेवटी समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन साक्षीदार आणि प्रतिवादीचा मित्र एकाच वेळी बसलेले असतात. हे सारे टाळता येते. समन्स साध्या पाकिटात, सदस्याने स्वतः द्यावे. समितीची नोंदवही वेगळी ठेवावी. वरिष्ठांना केवळ "कार्यालयीन काम" एवढेच कळवावे. दोन साक्षींमध्ये किमान अर्धा तास मोकळा ठेवावा, आणि शक्य असल्यास जबाब दुसऱ्या इमारतीत घ्यावा. जबाब टंकलिखित करण्याचे काम सदस्यानेच करावे, सामाईक प्रिंटर वापरू नये आणि कागद कुलूपबंद कपाटात ठेवावेत.

नाव काढून टाकले म्हणजे ओळख लपली असे होत नाही. "दुसऱ्या पाळीतील महिला तंत्रज्ञाने सांगितले" असे लिहिले आणि त्या पाळीत एकच महिला तंत्रज्ञ असेल, तर नाव लिहिल्यासारखेच झाले. मूळ जबाब साक्षीदाराच्या शब्दांत, सही घेऊन, जसाच्या तसा ठेवावा. प्रतिवादीला द्यायच्या प्रतीत आणि अहवालात मात्र "सा-1", "सा-2" अशा खुणा वापराव्यात आणि खुणांची यादी बंद पाकिटात वेगळी ठेवावी.

साक्षीदाराला त्रास झाला तर काय, हा प्रश्न कायद्याने अर्धवट सोडला आहे. कलम 12 मधील बदली, रजा वगैरे अंतरिम दिलासा आणि कामगिरीचा गोपनीय अहवाल प्रतिवादीने लिहू नये ही नियम 8 मधील तरतूद, दोन्ही तक्रारदार महिलेसाठी आहेत. प्रतिवादी साक्षीदाराचाही वरिष्ठ असेल, तर त्याचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा अशी शिफारस समितीने मालकाकडे लेखी करावी. कलम 17 मुख्यतः चौकशी हाताळणाऱ्यांना लागू असल्याने साक्षीदाराकडूनही गोपनीयतेचे हमीपत्र घ्यावे, पण पोलिसांकडे किंवा वकिलाकडे जाण्याचा त्याचा हक्क त्यात अडवू नये.

चौकशी संपल्यावरही काळजी संपत नाही, कारण अहवाल दोन्ही पक्षांना मिळतो आणि प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये अशा प्रकरणांसाठी घालून दिलेल्या सूचनांत आदेशात साक्षीदाराचे नाव व पत्ता न लिहिण्याचे सांगितले होते; समितीचा अहवालही त्याच शिस्तीत लिहावा. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज आल्यास कलम 16 चा हवाला देऊन ओळख देण्यास नकार द्यावा, कारण 2005 च्या त्या कायद्यात काहीही असले तरी हे कलम लागू राहते. वार्षिक अहवालात मुख्यतः तक्रारींची आकडेवारी आणि कारवाईचे स्वरूप द्यायचे असते. पंधरा माणसांच्या कार्यालयात तेवढ्यावरूनही प्रकरण ओळखू येते, तेव्हा विभागाचे नाव आणि महिना त्यात लिहू नये.