केदारकंठ्याच्या बर्फात कोरडं राहून कसं चालायचं

उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकंठा हा डोंगर सुमारे १२,५०० फूट उंच आहे. डेहराडूनहून दिवसभर गाडीने पायथ्याच्या सांकरी गावी पोहोचायचं आणि तिथून देवदार-बांजच्या जंगलातून चढायचं. सह्याद्रीत तयार झालेल्यांचा इथे दम सहसा कमी पडत नाही. घात करते ती ओल, आणि ती बहुतेक वेळा स्वतःच्याच घामाची असते.

१. सुती टी-शर्ट, सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कापड घाम पितं, वाळत नाही आणि थांबलात की अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जॅकेट) आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट घाला. जाड पफर (फुगीर उबदार जॅकेट) मात्र सॅकमध्येच असू द्या.

२. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. चढ लागला की घाम फुटायच्या आत एक थर उतरवा, थांबलात की लगेच चढवा. दर थोड्या वेळाने ही उस्तवार करायची म्हणजे कटकट, बरोबरचे वैतागतातही. वैतागू द्या.

३. बर्फ बुटात शिरू नये म्हणून गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत येणारं आवरण) बांधा. बूट घट्ट बसतील इतके मोजे घालू नका; रक्त खेळलं नाही तर बोटं आधी गारठतात.

४. चढताना बुटाचं टोक मारून पायरी करा किंवा पुढच्याच्या ठशात पाय ठेवा. ताज्या बर्फात झाडाच्या बुंध्यालगत जाऊ नका, तिथे बर्फ पोकळ असतो.

५. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. ढगाळ दिवशीही गॉगल लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो.

६. रात्री बॅटऱ्या आणि उद्याचे मोजे स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. उबेसाठी तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो.

७. एकमेकांकडे लक्ष ठेवा. बडबड्या माणूस गप्प झाला, अडखळू लागला, त्याला जॅकेटची चेन लावता येईना, तर थांबा. ओले कपडे बदला, शुद्धीत असेल तर गरम गोड काहीतरी पाजा आणि खाली न्या. डोकेदुखीबरोबर उलटी झाली तर पित्तावर ढकलू नका. तो उंचीचा त्रास धरून उतरायला लागा.

८. शिखरासाठी पहाटेच्या अंधारात निघा. तेव्हा बर्फ घट्ट असतो. दुपारी भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततो. कुठल्या वेळेला मागे फिरायचं हे आदल्या रात्रीच ठरवा.

९. खरी परीक्षा उतारावर. मऊ बर्फात टाच रोवा, गुडघे सैल ठेवा, मागे रेलू नका. रेललात की पाय पुढे सटकतो आणि बसकण ठरलेली. जुडा का तालाब या वाटेवरच्या तळ्याच्या खाली, सावलीतल्या वाटेवर तुडवलेला बर्फ काचेसारखा होतो. तिथे मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे धातूचे दाते, लागतातच. ते मोकळ्या मातीवर आल्यावरच काढा, आणि काढल्यावर पुसून ठेवा, नाहीतर गंजतात.